मॅडमची खात्री

माझा स्वभाव संशयी आहे. दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी मीच सांगून टाकते. दूधवाला डोळ्यांसमोर म्हैस पिळत असला तरी चरवीच्या तळाशी आधीच पाणी आहे की काय, हे मी वाकून पाहायची. लग्नाच्या बोलणीत मुलाकडची माणसं फार गोड बोलायला लागली तेव्हा मी वडिलांना परसात बोलावून ‘जरा जपून’ असं सांगितलं होतं, आणि ते लग्न माझंच होतं. पुढे संसार चांगला झाला, पण म्हणून माझी सवय गेली नाही.

डोंबिवलीत आमचं महिला मंडळ निघालं तेव्हा मला चिटणीस केलं ते ह्याच गुणावर. अध्यक्ष झाल्या वकिलीणबाई, कारण त्यांच्या घरी सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या होत्या. त्या भर सभेत म्हणाल्या, “हिलाच करा चिटणीस. ही स्वतःच्या सावलीकडेही पावती मागेल.” सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. घरी जाताना मात्र वाटभर विचार करत होते, की ह्या बाईंना माझ्यासारखी चिटणीस कशाला हवी असेल?

स्वातंत्र्य नवं नवं होतं आणि पावसाळ्यात अळंबी उगवावीत तशी गावोगाव मंडळं उगवत होती. आमच्या मंडळाचं एक बरं होतं, ते खरोखर काहीतरी करत होतं. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आमची बालवाडी भरायची. नोकरदारांची मुलं यायची, तशी कोपर गावातल्या शेतकऱ्यांची आणि मिठागरावर जाणाऱ्यांचीही यायची. शिकवायला एकच बाई होती. तिला आम्ही मास्तरीण म्हणायचो. तिचं वय पंचविशीच्या आत-बाहेर. मंडळ तिला पगार म्हणून जे काही द्यायचं ते आमच्या पापडांच्या विक्रीवर अवलंबून असे. विक्री झाली तर पैसे, नाही झाली तर पापड.

मास्तरणीला नवऱ्याने टाकलं होतं. तिचं सासर नाशिककडच्या एका खेड्यात. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून ठेवली आणि हिला भावाकडे पोचवलं. भाऊ रेल्वेत होता, कल्याणच्या यार्डात. डोंबिवलीच्या चाळीत त्याच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत त्याची बायको, मुलं आणि ही. तिच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, पण मंडळाचं हळदीकुंकू असलं की ती मुलांना घेऊन विहिरीकडच्या वडाखाली जाऊन बसायची. तिला कुणी ‘जा’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिला कुणी ‘थांब’ म्हटलेलंही ऐकलं नाही. टाकलेल्या बाईच्या हातून सौभाग्याचं वाण नको, असं बायका आपापसांत म्हणायच्या. “तिचंही काहीतरी असणारच,” हे तर ठरलेलंच होतं.

मलाही तसंच वाटायचं. मी एकदा तिला सरळ विचारलं, “का गं, तुला का टाकलं त्याने?”

ती पाट्या पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “मलाही कळलेलं नाही, वहिनी. कळलं की आधी तुम्हालाच सांगते.”

त्या उत्तराने माझा संशय कमी होण्याऐवजी वाढला. पण बाई तिखट आहे हे लक्षात आलं आणि ती मला थोडी आवडायलाही लागली.

त्या वर्षी गणपती उठले आणि तिच्या भावाची बदली भुसावळला झाली. दिवाळीनंतर जायचं होतं. भावजयीने सांगून टाकलं, की भुसावळला आम्ही एवढी माणसं नेणार नाही. त्याच सुमाराला तिचा सासरा येऊन गेला. चाळीच्या ओट्यावर बसून, पान खात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, “घर तिचंच आहे, येऊ द्या तिला. दोघी मिळून राहतील. घरात कामाला माणूस लागतंच की.” मास्तरीण हे मला सांगत होती तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता. “दिवाळीनंतर एक तर स्वतःचा पगार आणि स्वतःची खोली,” ती म्हणाली, “नाहीतर त्या दुसरीच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या.” मला तिची फार दया आली, आणि त्या सासऱ्याचा संताप आला.

ह्याच दिवसांत वकीलसाहेबांनी बातमी आणली, की बालवाड्या चालवणाऱ्या मंडळांना सरकार अनुदान देणार आहे आणि त्यातून शिक्षिकेला महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल. वकिलीणबाई उत्साहाने उठून उभ्या राहिल्या. मी मात्र बसूनच राहिले, कारण मला त्यांची पुतणी आठवली. पुतणी नुकतीच मॅट्रिक झाली होती, घरी बसून होती, आणि ही बातमी यायच्या थोडं आधीपासून वकिलीणबाई तिला बालवाडीत ‘नुसतं बघायला’ पाठवत होत्या. आता बालवाडीत बघण्यासारखं काय असतं? मुलं नाक पुसतात आणि ओरडतात. पाणी कुठेतरी मुरत होतं.

आम्ही दोघी ठाण्याच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून वाळकुडा होता, कानावर पेन्सिल खोचलेला. आमचा अर्ज त्याने हातात घेतला, उलटा केला, मागची कोरी बाजू नीट पाहिली आणि विचारलं, “मंडळ आहे, का नुसता रबरी शिक्का आहे?”

वकिलीणबाईंचा चेहरा लाल झाला. कारकुनाला त्याचं काही नव्हतं. “मागे एक गृहस्थ आले. गोशाळा काढली म्हणाले. आम्ही जाऊन पाहिलं तर एक गाय, आणि तीही शेजाऱ्याची. तुमच्या बालवाडीतली मुलं तुमचीच ना? का पाहणीच्या दिवशी गोळा करून आणणार?”

मला तो माणूस एकदम पटला. इतक्या वर्षांत माझ्याच पठडीतलं कुणीतरी पहिल्यांदा भेटत होतं. त्याने नोंदणी विचारली, पालकांची संमती विचारली, कल्याणच्या मामलेदार कचेरीचा दाखला विचारला, आणि शेवटी म्हणाला, “शिक्षिकेच्या पगाराला मात्र एक अट आहे. बाई निराधार पाहिजे. विधवा, नाहीतर नवऱ्याने टाकलेली. तसा भरवशाच्या माणसांच्या सहीचा दाखला लागेल.”

मला तर आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. अट म्हणजे जणू आमच्या मास्तरणीकडे बघूनच घातलेली. मी वकिलीणबाईंकडे पाहिलं. त्या छत्रीचं टोक फरशीवर फिरवत होत्या.

परतीच्या गाडीत पारसिकचा बोगदा संपेपर्यंत त्या छत्रीच्या मुठीशी चाळा करत होत्या. उजेडात आल्यावर म्हणाल्या, “अगं, आपण शिवणवर्गासाठी मागितलं तर? शिवणाच्या बाईला म्हणे असली अट नाही.”

“आपला शिवणवर्ग कुठाय?” मी म्हटलं.

“काढता येईल की. माझी पुतणी काजाबटण सुरेख करते.”

मी खिडकीबाहेर बघत बसले. माझा संशय खरा ठरला की मला एक प्रकारचं समाधान वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही.

तरी अर्ज बालवाडीचाच राहिला, कारण बाकीच्या बायकांना शिवणवर्गापेक्षा आपली मुलं सकाळी घराबाहेर राहणं महत्त्वाचं होतं. संमतीसाठी मी आणि मास्तरीण कोपरला गेलो. तिथे एका आजीची नातवंडं आमच्याकडे येत. तिची स्वतःची भातशेती होती, घर मोठं, आणि दारात मिठागराची फावडी टेकवून ठेवलेली. मी शाईचा पॅड उघडला तशी ती मागे सरकली.

“आंगठा दिला का जमीन गेली, बाय. माझे सासऱ्यानी असाच एक दिला व्हता.”

“आजी, जमिनीचं नाही हे. तुमची नातवंडं बालवाडीत येतात एवढंच लिहिलंय.”

“पोरां शालंन येतान ते सगल्यांना ठाव हाय. मंग त्याला आंगठा कशाला?”

तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मास्तरणीने कागद घेतला आणि ओटीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला. आजी ऐकत राहिली. मग अंगठा पुढे करताना मास्तरणीकडे बोट दाखवून ती मला म्हणाली, “ही पोरगी सांगते म्हनून देते. तुजा मना भरवसा नाय.”

मास्तरीण हसली. परत येताना बांधावरून चालत असताना ती पुन्हा पुन्हा हसत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग दाखल्याचं काम सुरू झालं. मला वाटलं होतं, हे सगळ्यांत सोपं. तिला नवऱ्याने टाकलंय हे डोंबिवलीत कुणाला ठाऊक नव्हतं? पाणवठ्यावर, भाजीच्या टोपलीशी, कीर्तन सुटल्यावर, जिथे चार बायका जमतील तिथे हाच विषय. पण तेच आता कागदावर लिहून द्यायचं म्हटल्याबरोबर सगळ्यांना आपण काही पाहिलं नसल्याचं आठवायला लागलं.

पहिल्यांदा तिचा भाऊच बिथरला. “माझ्या बहिणीला टाकलीय असं मी सरकारला लिहून देऊ? उद्या माझ्या मुलींची लग्नं कशी व्हायची?” त्याच्या मनात आणखी एक भीती होती. एक बायको असताना दुसरी करायला तेव्हा मुंबई राज्यात कायद्याने बंदी आलेली होती. दाखला दिला, त्यावरून पोलीस नवऱ्याच्या दारात गेले, तर उद्या कोर्टात साक्षीला कोण उभं राहणार? सासरच्या गावच्या पाटलाला आम्ही पत्र घातलं. त्याने उलट टपाली कळवलं, की सदर बाई आपल्या खुशीने माहेरी राहत आहे आणि आमच्या गावात सर्व क्षेमकुशल आहे.

मंडळातल्या एकेकीकडे मी कागद घेऊन फिरले. एकीचे यजमान गावी गेले होते, एकीला लिहिता येत होतं पण सही करायची सवय नव्हती, एकीने तर “कशाला बाई कुणाच्या संसारात बिब्बा घालायचा” असं म्हणून मलाच लाडू दिला. आमच्या यजमानांनी मला बजावलं, की सरकारी कागदावर दुसऱ्याच्या घरातलं काही लिहायचं नाही. मी त्यांना म्हटलं, मी चिटणीस आहे. ते म्हणाले, चिटणीस म्हणून काय हवं ते लिही, साक्षीदार म्हणून नाही. मी शेवटी वकिलीणबाईंकडे गेले.

“मी कशी लिहून देऊ?” त्या म्हणाल्या. “मी काय तिच्या सासरी बघायला गेले होते? उद्या तिचा नवरा आमच्या ह्यांच्यावर फिर्याद करायचा.”

त्यांचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने चूक होतं असं नाही. पण आतल्या खोलीत पुतणी शिवणाचं यंत्र चालवत होती आणि त्याचा आवाज बाहेर येत होता. त्या खरंच घाबरल्या होत्या, की त्यांना तो दाखला व्हायलाच नको होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

कोपरच्या आजीला कळलं तेव्हा ती आपण होऊन देवळात आली. “माझा आंगठा घ्या. पन जमीन नाय मांगाची.” मी तिचा अंगठा घेतला आणि पुन्हा ठाण्याला गेले, ह्या खेपेला एकटीच. कारकुनाने तो अंगठा पाहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“ह्या आजी त्या बाईंच्या कोण? कोणी नाहीत. सासरच्या गावच्या? नाहीत. आणि मी विचारतो ते कृपा करून मनाला लावून घेऊ नका. नवरा जिवंत आहे, मंगळसूत्र गळ्यात आहे, कुंकू कपाळावर आहे. मग टाकलंय कशावरून? उद्या पगार चालू झाला आणि नवरा येऊन पाटावर बसला तर?”

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मागच्या खेपेला हाच माणूस मला आवडला होता. दुसऱ्याचा संशय घ्यायला आपल्याला काही वाटत नाही, पण आपल्या माणसाचा कुणी घेतला की अंगाची आग होते.

माझा चेहरा बघून तो थोडा नरमला. “हे बघा, आमच्या खात्याच्या अधिकारी मॅडम पाहणीला येणार आहेत. त्यांची स्वतःची खात्री पटली तर त्या तसा शेरा मारू शकतात. मग दाखला नसला तरी चालतं. पण एक सांगून ठेवतो, मॅडमना कुणी काही पटवायला गेलं की त्या उलट धरून चालतात. फार जणांनी फसवलंय त्यांना. सांगितलेलं त्या मानत नाहीत. पाहिलेलं मानतात.”

मी परत आले ती थेट देवळात. मास्तरीण मुलांच्या पाट्या रचून ठेवत होती. मी तिला सगळं शब्दाला शब्द सांगितलं आणि म्हटलं, “आता काय दाखवणार आपण त्या बाईला? टाकलेपण काय कपाळावर लिहिलेलं असतं?”

पाट्या रचून झाल्यावर तिने पदराने हात पुसले आणि घरी गेली. मला वाटलं, बाईने आशा सोडली.

दोनतीन दिवसांनी वकिलीणबाईंनी बैठक बोलावली आणि जाहीर केलं, की मॅडम येतील त्या दिवशी हळदीकुंकू ठेवायचं, ओटी भरायची, कल्याणहून चांगला खण आणायचा. “मास्तरणीनेच सुचवलं,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे आली होती. मुलगी तशी समंजस आहे हो.”

माझे कान टवकारले. हळदीकुंकू म्हटलं की जी वडाखाली जाऊन बसते, तिला आता ते सुचावं? तेही माझ्या अपरोक्ष वकिलीणबाईंकडे जाऊन? माझ्या मनाने लगेच गणित मांडलं. ह्या दोघींचं काहीतरी ठरलं. मास्तरीण जागा सोडणार, पुतणी शिवणवर्ग काढणार, आणि त्या बदल्यात वकीलसाहेब हिच्या सासऱ्याला दोन शब्द लिहिणार, की मुलीला नीट वागवा. मी तिला गाठलंच.

“तू वकिलीणबाईंकडे गेली होतीस?”

“हो.”

“कशाला?”

“घरी आलेल्या बाईला कोरडं पाठवू नये, वहिनी.”

एवढं बोलून ती मुलांकडे वळली. मला फार लागलं. हिच्यासाठी मी ठाण्याच्या पायऱ्या झिजवते आणि ही मला असं वाटेला लावते.

बायकांमध्ये निराळाच घोळ चालू होता. मॅडम सवाष्ण की काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारात नोकरी करते म्हणजे लग्न झालेलं नसेल, असं एक मत. लग्न झालंय पण नवरा परदेशी असतो, असं दुसरं. कुंकू लावते का, ते मला विचारलं, पण मी तर फक्त कारकुनाला पाहिलं होतं. शिवाय खण-नारळ दिला तर ती लाच समजेल, ही माझी शंका. वकिलीणबाईंनी मला हातानेच गप्प केलं. “ओटीला लाच म्हणणारी बाई अजून जन्माला यायचीय.”

मॅडम आल्या त्या खादीच्या जाड्याभरड्या पातळात, हातात छत्री, डोळ्यांवर जाड काच. कपाळावर बारीकशी टिकली होती, पण एवढीशी, की तिच्यावरून काही ठरवता येऊ नये. कारकुनाने सांगितलं होतं त्याहून त्या कडक निघाल्या. त्यांनी पाण्याच्या माठावरचं झाकण उचलून आत पाहिलं. भिंतीवरची चित्रं नवी लावलीत का, म्हणून त्यांच्यामागे बोट घालून धूळ पाहिली. मग एका मुलाला एकदम विचारलं, “काल कुठे होतास रे?”

“हितंच,” तो म्हणाला.

“आणि काल काय केलंस?”

“ह्या बंड्याला चावलो.”

दुसऱ्या मुलाने लगेच दंड दाखवला. मॅडमच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू दिसलं. मुलं बाहेरून आणलेली नाहीत, एवढी त्यांची खात्री झाली. मास्तरणीने मुलांकडून गाणी म्हणवली, मातीची भांडी करून घेतली. मॅडम मागे उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या आणि त्यांना काम आवडलं आहे हे दिसत होतं.

मग सतरंजी घातली आणि हळदीकुंकू सुरू झालं. मुलं अंगणात खेळायला गेली. मी मास्तरणीकडे पाहिलं, की ही आता वडाकडे जाईल. ती गेली नाही. मॅडमच्या शेजारची जागा मोकळी होती, तिथे ती पदर सारखा करून, मंगळसूत्र पदराबाहेर काढून सरळ बसली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आज काहीतरी होणार हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

वकिलीणबाई करंडा घेऊन निघाल्या. त्यांच्यामागे गुलाबदाणी घेऊन मी. त्यांनी मॅडमना हळद लावली, कुंकू लावलं. पुढची मास्तरीण. वकिलीणबाईंचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ते तसंच हवेत क्षणभर थांबलं आणि पलीकडच्या बाईच्या कपाळाकडे गेलं. मीही त्यांच्यामागून पुढे सरकले. मास्तरीण समोर बघत बसली होती.

“ह्या राहिल्या,” मॅडम म्हणाल्या.

“त्यांना नाही लावत,” वकिलीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

“का? विधवा आहेत?”

“छे छे. तसं नाही.”

“मग? कुंकू तर आहे त्यांच्या कपाळावर.”

आता वकिलीणबाईंची पंचाईत झाली. सरकारी पाहुणीसमोर आपण एका सवाष्णीचा उगाच अपमान केला असं दिसत होतं. मंडळाची लाज राखायची तर कारण सांगणं भाग होतं. त्या चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, “त्यांना नवऱ्याने टाकलंय. त्याने दुसरी ठेवलीय घरात. म्हणून नाही लावत आमच्यात.”

“असं तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलंत म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे.”

आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. अध्यक्षांचा शब्द खाली पडू नये म्हणून एकेक बाई पुढे सरसावली. एकीच्या नणंदेचं सासर त्याच गावचं, तिने त्या दुसरीला विहिरीवर पाणी भरताना पाहिलेलं. एकीची मावशी दुसरीच्या डोहाळजेवणाला जेवून आलेली. सही करायची सवय नसलेल्या बाईने नवऱ्याने हिची ट्रंक कशी रस्त्यावर ठेवली ते सांगितलं. मला लाडू देणारीला तर सासऱ्याचं ओट्यावरचं बोलणं पाठ होतं. मॅडम मधूनमधून एवढंच विचारायच्या, “तुम्ही स्वतः पाहिलंत?” आणि बायका हिरिरीने म्हणायच्या, “म्हणजे काय! ह्या डोळ्यांनी.”

सगळ्या दमल्यावर मॅडमनी मास्तरणीला विचारलं, “हे खरं आहे?”

“मी काय सांगणार,” मास्तरीण म्हणाली, “मी आता तिथे नसते.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “इतकं सगळ्यांनी पाहिलंय, तर दाखल्यावर एकीचीही सही कशी नाही?”

बायका आपापल्या वाटीतली वाटलेली डाळ निरखायला लागल्या. वकिलीणबाईंनी घाईघाईने खण-नारळ पुढे केला. मॅडम उठून उभ्या राहिल्या. “हे आम्हाला चालत नाही,” त्या म्हणाल्या आणि छत्री घेऊन निघाल्या. तो खण पुढे कुठे गेला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुतणीच्या अंगात त्याच रंगाचा झंपर मी नंतर पाहिला, पण रंग काय, सारखे असतात.

दिवाळीच्या आधीच अनुदान मंजूर झालं. शिक्षिका म्हणून मास्तरणीचं नाव होतं आणि दाखल्याचा कुणी पुन्हा उल्लेख केला नाही. वकिलीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, की आपल्या हळदीकुंकवाने मॅडम खूश झाल्या. भाऊ भुसावळला गेला. सासरा एकदा येऊन चौकशी करून गेला, तेव्हा कोपरच्या आजीने त्याला फावडं दाखवलं म्हणे. आजीच्याच घराच्या मागच्या बाजूला मास्तरणीने खोली घेतली होती.

तिथे मी एकदा सकाळी गेले. सहज गेले असं तिला सांगितलं, पण खरं म्हणजे दारात पुरुषाच्या चपला दिसतात का, ते पाहायला गेले होते. नवरा येऊन पाटावर बसला तर, हे कारकुनाचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. चपला नव्हत्या. एक चूल, एक ट्रंक, खुंटीवर दोन पातळं, आणि खिडकीतून दिसणारी कापलेली भातखाचरं. तिने मला चटईवर बसवलं आणि चहा टाकला.

मी इकडचं तिकडचं बोलले. मग राहवेना. “ते हळदीकुंकू तू मुद्दाम ठेवायला लावलंस ना?”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही वकिलीणबाईंशी आधीच जाऊन भांडला असता. मग त्यांनी भीतीने मला कुंकू लावलं असतं.”

ते खरं होतं. तरी मी म्हटलं, “आणि तसंही लावलं असतं तर? सरकारी पाहुणी बसलेली, चार माणसांत शोभा नको, म्हणून लावलं असतं तर तुझं काय झालं असतं? त्यांनी नाही, तर दुसऱ्या कुणी उठून लावलं असतं. मी लावलं असतं.”

तिने चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला.

“नाही वहिनी,” ती म्हणाली, “तुम्हा सगळ्यांवर माझा पूर्ण विश्वास होता.”

मला तिचा राग आला, खरंच फार राग आला. पण ती काही खोटं बोलत नव्हती. मी चहा प्यायले आणि घरी आले.